मागण्याचा पैसा कुणाचा?

डिसेंबरात अंबाजोगाईला आमच्या आरोग्य हक्क नेटवर्कची बैठक झाली. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून चाळीसेक कार्यकर्ते आले होते. विषय होता पुढच्या तीन वर्षांचं धोरण, पण पहिला दीड तास एकाच प्रश्नात गेला: आता प्रस्ताव पाठवायचा कुणाकडे? ज्या परदेशी संस्थेच्या भरवशावर पाच तालुक्यांतलं काम चालायचं, तिने मार्चनंतर जमणार नाही असं कळवलं होतं. कुणी दुसऱ्या देशातल्या संस्थेचं नाव सुचवलं, कुणी कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे समाजकामासाठीच्या निधीचं, कुणी म्हणालं, सरकारी योजनेतच शिरकाव करून घेऊ. मसुदा लिहिण्याचं काम शेवटी माझ्याकडे आलं. लिहायला बसल्यापासून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे, आणि ते नेटवर्कबाहेरच्या लोकांपुढेही मांडावंसं वाटतं. एक देणगीदार गेला की दुसरा शोधायचा, याला धोरण म्हणता येणार नाही. दवाखान्याचा पैसा सरकारी तिजोरीतूनच यायला हवा. पण तो सरकारकडे मागण्यासाठी, त्यामागे हात धुऊन लागण्यासाठी जो पैसा लागतो, तो आपण उभा केला पाहिजे. आपण म्हणजे ज्यांना तो दवाखाना लागतो ते लोक, आणि त्यांच्यातून शिकून-सवरून बाहेर पडलेली त्यांची पोरं.

जगात काय घडलं ते थोडक्यात सांगते. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवस थांबवण्याचा आदेश काढला. मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत यंत्रणेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैला ती यंत्रणाच परराष्ट्र खात्यात विरघळली. ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. अमेरिकेने अंग काढून घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेला २०२६-२७ साठीचा आराखडा ५३० कोटी डॉलरवरून ४२० कोटींवर आणावा लागला. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठीच्या ग्लोबल फंडाने १,८०० कोटी डॉलर मागितले होते. नोव्हेंबरात जोहान्सबर्गला १,१३४ कोटींची आश्वासनं मिळाली.

आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत याचा अर्थ थेट गोळी बंद होणं असा झाला. आपल्याकडे तसं झालं नाही. भारताच्या एकूण आरोग्यखर्चात परदेशी मदतीचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. एचआयव्हीची औषधं केंद्र सरकार स्वतःच्या पैशातून देतं. २०२१ ते २०२६ या काळातल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचे १५ हजार ४०० कोटींहून जास्त रुपये पूर्णपणे केंद्राचे आहेत. त्यामुळे बीडच्या किंवा हिंगोलीच्या सिव्हिलमधली गोळी वॉशिंग्टनच्या एका सहीने थांबली नाही. ‘आपल्याला काही फरक पडत नाही’ असं जे म्हटलं जातं, ते इथपर्यंत बरोबर आहे.

फरक पडतो तो दुसरीकडे. गोळी आली नाही तर कुणाला विचारायचं, कुठल्या कागदावर लिहून द्यायचं, पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर मुक्कामी नसतील तर कुठल्या सभेत उभं राहून बोलायचं, हे जे काम आहे, ज्याला आम्ही कार्यकर्ते जनवकिली म्हणतो, त्यातला मोठा भाग परदेशी पैशावर उभा होता. सेवा देशाच्या पैशावर आणि सेवेबद्दल प्रश्न विचारणं परक्याच्या पैशावर, अशी ही विचित्र वाटणी होती. पैसा आटला आणि सेवा राहिली, प्रश्न विचारणारे मात्र घरी बसले.

खरं तर हा झटका २०२५ चा नाहीच. २०२० च्या सप्टेंबरात परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असं ठरलं. आमच्यासारखी नेटवर्क चालायचीच अशी, की पुण्या-मुंबईतली एखादी मोठी संस्था पैसा घेणार आणि तालुक्याच्या गावातल्या दहा छोट्या संस्थांना तो वाटून देणार. ती साखळी त्या दिवशी तुटली. प्रशासकीय खर्चाच्या अटीत तर आमचा फिरता कार्यकर्ताच अडकला, कारण जनवकिलीत पगार आणि प्रवास हेच काम असतं, औषधपाणी किंवा बांधकाम नसतं. तेव्हाच आम्ही थांबून विचार करायला हवा होता. तो न करता पाच वर्षं आम्ही इकडून तिकडून ठिगळं जोडत राहिलो. मीही त्यात होते.

आता एका वहीबद्दल सांगते. आमच्या मसुद्यातलं सगळं त्या वहीपाशी येऊन ठरतं.

गेवराई तालुक्यातल्या एका वस्तीवर पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या. अकरा-बारा वर्षांपूर्वी आमच्या शिबिरात आम्ही बायकांना सांगितलं होतं, की दवाखान्यात गेल्यावर काय मिळालं आणि काय बाहेरून आणावं लागलं, ते लिहून ठेवा. काकूंनी दोनशे पानी वही घातली. त्यात नोंदी अशा: ‘धाकट्या जावेची पोरगी. ताप. गोळ्या भेटल्या, पातळ औषध नाही म्हनले. बाहेरून ८५ रु.’ ‘मागल्या घरची सून, नववा महिना. गाडी आली नाही. जीप केली, ६०० रु.’ तारीख समासात, रकमेखाली रेघ. पुढे आमच्याकडे नवा प्रकल्प आला. त्यात टॅबलेट होते, त्यात अ‍ॅप होतं, त्यात बेचाळीस प्रश्न होते. आम्ही काकूंना सांगितलं की आता वहीची गरज नाही, आमची पोरगी येऊन टॅबलेटवर भरून घेईल. चार वर्षं ते भरलं. नकाशावर लाल-हिरवे ठिपके दिसायचे. दिल्लीच्या सादरीकरणात त्यांचं कौतुक झालं.

प्रकल्प संपला तसं अ‍ॅपचं भाडं भरणं थांबलं, सर्व्हर बंद झाला. त्या चार वर्षांचा एकही आकडा आज आमच्या हातात नाही. गेल्या पावसाळ्यात मी काकूंकडे गेले, तेव्हा त्यांनी कोनाड्यातून वही काढली. तिसरी वही होती ती. मी म्हटलं, ‘काकू, आपण तर बंद करायला सांगितलं होतं ना?’ त्या म्हणाल्या, ‘तुमचं ते डबडं काय बोलतं का आमच्याशी? ग्रामसभेत काय दाखवायचं मग?’ आणि खरंच, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांनी त्या वहीतून बाहेरून आणलेल्या औषधांची यादी वाचली होती. सरपंचांनी पीएचसीला पत्र दिलं होतं. पत्राची झेरॉक्स वहीत घडी घालून ठेवलेली होती.

यातून मला हे दिसलं, की माहितीचा मालक कोण हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. मोठ्या पातळीवरही हेच झालं. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची घडण ज्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रमाच्या साच्यावर झाली, तो कार्यक्रम अमेरिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केला. चाळीस वर्षं गरीब देशांची बाळं, आया, त्यांचं रक्त, त्यांचं वजन यांची मोजदाद करणारी यंत्रणा एका आदेशाने थांबली. आपलं सर्वेक्षण मुंबईची संस्था करते आणि ते चालू आहे, हे आपलं भाग्य. पण आमच्या नेटवर्कचे आकडे आम्ही स्वतःहून परक्या सर्व्हरवर नेऊन ठेवले होते, ही चूक आमचीच. म्हणून मसुद्यात मी लिहिलं आहे, की नोंद आधी वहीत होईल आणि वही वस्तीवर राहील. मोबाईलवर तिचे फोटो काढायचे तर काढा. पण बेचाळीस प्रश्न पुन्हा नकोत, सहा पुरेत. औषध मिळालं का, डॉक्टर होते का, पैसे मागितले का, गाडी आली का, पुढे पाठवलं तर कुठे, आणि खिशातून किती गेले.

हे लिहिताना परदेशी पैशाने आमचं भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. ते कृतघ्नपणाचं होईल. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत जगभरातून मदत आली, आणि तिच्यासोबत बायकांना गावाच्या बैठकीत बसवण्याची पद्धतही आली. माझ्या पिढीच्या अनेक कार्यकर्त्या त्या पुनर्वसनाच्या कामातून घडल्या आहेत. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनने एचआयव्ही प्रतिबंधाचा ‘आवाहन’ कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्र होता. त्या कार्यक्रमाने आधीपासून ठरवलं होतं की काम शेवटी सरकारच्या हाती द्यायचं, आणि ते टप्प्याटप्प्याने दिलं. जाणाऱ्याने जाण्याचा दिवस आधी सांगितला तर काम टिकतं, हे तिथे दिसलं. २०२५ मध्ये कुणालाच तो दिवस सांगितला गेला नाही.

पण पैशासोबत पैशाचं पंचांगही आलं, आणि त्याने आमची चाल बिघडवली. आमचं वर्ष देणगीदाराच्या तिमाहीने चालायला लागलं. अहवाल ऑक्टोबरात द्यायचा म्हणून जनसुनवाई, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांना जाब विचारायची सभा, सप्टेंबरात. खर्च मार्चच्या आत दाखवायचा म्हणून फेब्रुवारीत पाठोपाठ कार्यशाळा. मराठवाड्याचं पंचांग वेगळं आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. परतायला पाडवा, कधी अक्षय तृतीया उजाडते. जिल्हा नियोजन समितीचा पुढच्या वर्षाचा आराखडा डिसेंबर-जानेवारीत पक्का होतो. २६ जानेवारीची ग्रामसभा त्याच काळात. म्हणजे जिल्ह्याचा पैसा कुठे जाणार हे ठरतं, तेव्हा ज्यांना सरकारी दवाखान्याची सगळ्यात जास्त गरज, ते लोक शेकडो मैल दूर पाचटाच्या झोपडीत, कोपीत असतात. आमची अंबाजोगाईची बैठकही डिसेंबरात झाली. चाळीस जणांत ऊसतोडीला जाणारी एकही बाई नव्हती. तारीख ठरवताना हे आमच्यातल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

या बायकांचं गाऱ्हाणं काय आहे, ते महाराष्ट्राला २०१९ मध्ये कळलं. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्यावर अहवाल दिला. कारणं कुणापासून लपलेली नव्हती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तिची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, एकत्र, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीच्या चार दिवसांत उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी, ना विसावा. त्यात खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार. पुढे अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ऊसतोड कामगारांसाठीच्या महामंडळाकरता कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारचे, अशी तरतूद झाली. हे परदेशी प्रकल्पातून झालं नाही. पत्रकारांनी लिहिलं, बायका बोलल्या, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. आता त्या टनामागच्या १० रुपयांतून फडावर फिरता दवाखाना येतो का, गरोदर बाईला सहा महिने सलग तपासणी मिळते का, हे विचारायला कुणी लागतं, आणि गाळपाच्या हंगामात फडावर जाऊन विचारावं लागतं. असं काम तिमाही अहवालात बसत नाही. त्यासाठी आमचा कार्यकर्ता टोळीमागे कोल्हापूरला गेला पाहिजे, आणि एसटीचं भाडं आमच्याच खिशातून निघालं पाहिजे.

मग सरकारी पैसा घ्यायला काय हरकत आहे? हा पर्याय बैठकीत सर्वांत जोरात मांडला गेला, आणि तो तपासायला आमच्याकडे अनुभव आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला तेव्हाचा उस्मानाबाद होता. अमरावती, नंदुरबार, पुणे आणि ठाणे हे बाकीचे चार. गावातली समिती पीएचसीला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देणार, तो तक्ता भिंतीवर लागणार, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागणार. तेव्हा मी नवखी होते. दाराआड पैसे घेणारा कर्मचारी जनसुनवाईत बायकोच्या दागिन्यांची शपथ घेऊन नाही म्हणाला, आणि समोरून सात बायका उभ्या राहिल्या. ते दृश्य मी विसरलेले नाही. त्या कामाने मराठवाड्याला भाषा दिली. पण ज्याच्यावर देखरेख, त्याच्याच सहीने देखरेखीचा निधी सुटायचा. निधी अडला की बैठका अडायच्या, आणि जनसुनवाई जितकी तिखट तितकी पुढच्या हप्त्याची धास्ती जास्त, हे आम्ही सगळ्यांनी अनुभवलं आहे. सरकारी समित्यांत बसावं, रुग्ण कल्याण समितीत बसावं, ग्राम आरोग्य समितीला वर्षाला मिळणाऱ्या १० हजारांचा हिशेब मागावा, ते आपलं हक्काचं आहे. आपल्या कार्यकर्त्याचं मानधन मात्र त्यातून नको.

सीएसआरचं तर मला फार बोलावंसंही वाटत नाही. मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात, त्यातून रुग्णवाहिका येते, पाण्याचं यंत्र येतं, ते घ्यावं. पण पालकमंत्र्यांना जाब विचारणाऱ्या सभेचा मांडव कुठलीही कंपनी घालणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणंही बरोबर नाही.

राहता राहिली वर्गणी. इथे माझे सहकारी मान हलवतात. दुष्काळी मुलूख, त्यात २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने परंड्यापासून होतं नव्हतं ते सोयाबीन नेलं, माती खरवडून नेली. अशा लोकांकडे पावतीपुस्तक घेऊन जायचं? मला ही अडचण खरी वाटते. पण याच मुलखात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस मांडव, कीर्तनकारांची बिदागी, सगळ्या गावाला जेवण. कुणी प्रस्ताव लिहीत नाही. कुणी ज्वारीचं पोतं देतं, कुणी गोडेतेलाचा डबा, ज्याच्याकडे काही नाही तो पंगतीत वाढायला उभा राहतो. पुण्याला चाकण-हडपसरला कामाला गेलेली पोरं फोनवरून पैसे पाठवतात. आणि शेवटी पै-पैचा जमाखर्च गावासमोर मांडला जातो. म्हणजे वर्गणी गोळा करणं, तिचा हिशेब देणं, ऐपतीप्रमाणे वाटा उचलणं हे या मातीला शिकवावं लागत नाही. आरोग्याच्या कामासाठी आम्ही ते कधी मागितलंच नाही, कारण आम्हाला गरज पडली नाही.

आकडे मांडून पाहते. एका तालुक्यात ३०० घरांनी महिन्याला २० रुपये दिले तर ६,००० होतात. त्यात एक माणूस पोसला जात नाही. त्याच तालुक्यातून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षक, नर्स, इंजिनिअर, पोलीस, पेन्शनर अशा १०० जणांनी महिन्याला २०० रुपये दिले तर २० हजार होतात. दोन्ही मिळून २६ हजारांत एक पूर्णवेळ कार्यकर्ता, त्याचं पेट्रोल आणि वह्या-झेरॉक्स एवढं निघतं. आठ जिल्ह्यांतल्या सगळ्या तालुक्यांत हे जमणार नाही. पहिल्या वर्षी दहा-बारा तालुक्यांत जमलं तरी मी समाधानी असेन. नेटवर्क लहान होईल, हे मान्य करूनच मी हे लिहिते आहे.

आशाताईंकडे बघा. महाराष्ट्रात त्या सत्तर हजारांच्या आसपास आहेत. २०२४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत त्यांनी संप केला, आझाद मैदानात बसल्या, आणि महिन्याला ५ हजारांची वाढ पदरात पाडून घेतली. त्यांच्यामागे परदेशी निधी नव्हता, संघटना होती आणि वर्गणी होती. गावोगावी हिंडून सगळ्यांची नोंद ठेवणाऱ्या या बायका आमच्या सगळ्यात जवळच्या आहेत. तरी कित्येक वर्षं आम्ही त्यांना ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणूनच बोलावत आलो.

वर्गणीच्या मार्गावर एक धोका आहे, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. वर्गणी देणारं गाव सगळ्यांसाठी देत नाही. सर्पदंशाच्या लसीसाठी, बाळंतिणीच्या गाडीसाठी गाव उभं राहील. एचआयव्ही असलेल्या बाईसाठी, धंदा करणाऱ्या बाईसाठी, तृतीयपंथी माणसासाठी राहील का? २०२५ च्या सुरुवातीलाच हैदराबादचं ‘मित्र’ क्लिनिक, तृतीयपंथीयांसाठीचं देशातलं पहिलं, अमेरिकेचा पैसा थांबल्यामुळे बंद करावं लागलं. कल्याण आणि पुण्यातलीही. तिथे डॉक्टर नावाने हाक मारायचे, एवढ्यासाठी लोक लांबून यायचे. परक्याच्या पैशाला गावाचं मत आडवं येत नव्हतं, हा त्याचा मोठा गुण होता. आपल्या पैशाला ते येईल. म्हणून मसुद्यात मी असं कलम घातलं आहे, की जमलेल्या प्रत्येक रुपयातले २५ पैसे आधी बाजूला काढले जातील, आणि ते कुठे खर्च करायचे हे ज्यांच्यासाठी गाव पावती फाडत नाही तेच लोक ठरवतील. त्यांच्या बैठकीत आमचा माणूस बोलावला तरच जाईल. हे कलम बैठकीत गळावं असा प्रयत्न होईल, याची मला कल्पना आहे. ते गळलं तर मी बाकीच्या मसुद्यालाही हात वर करणार नाही.

काही गोष्टी वर्गणीने कधीच होणार नाहीत, आणि तिथेच आमची खरी मागणी सुरू होते. २०२४ च्या मार्चमध्ये क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा केंद्राने राज्यांना तीन महिने स्थानिक खरेदी करायला सांगितलं. कुठल्याही वस्तीला वर्गणी काढून ती औषधं आणता आली नसती. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. सगळा महाराष्ट्र हळहळला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी राज्याने औषधखरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडून काढून नव्या प्राधिकरणाकडे दिली होती. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. केसपेपर फुकट झाला, पण काकूंच्या वहीत ‘बाहेरून’ हा शब्द त्या तारखेनंतरही आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं म्हटलं होतं. ते वर्ष उलटून गेलं, आणि आपण तिथे पोचलो नाही. देशात अजून शंभरातले ३९ रुपये रुग्णाच्या खिशातून जातात, हे सरकारच्याच २०२१-२२ च्या हिशेबात लिहिलेलं आहे. अमेरिकेने काय केलं, यावर आम्ही कितीही बोललो तरी मंठ्याच्या किंवा औंढ्याच्या उपकेंद्रात औषध येणार नाही. ते मुंबईहून आणि जिल्हा परिषदेतून येतं, आणि तिथे मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द चाळीस वर्षं नुसता भाषणात फिरतो आहे. त्या शब्दाला वहीतल्या रकमा जोडणं, एवढं काम जरी आम्ही नेमाने केलं तरी पुष्कळ आहे.

माझ्या सहकाऱ्यांच्या संसाराचं काय, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. मार्चनंतर आमच्यातल्या बारा जणांचं मानधन थांबणार आहे. त्यांत दोन विधवा आहेत, एकाच्या पोराची बारावी आहे. पंधरा-पंधरा वर्षं ज्यांनी एसटीच्या थांब्यावर रात्री काढल्या, त्यांना ‘आता लोकवर्गणी’ असं सांगणं सोपं नाही. म्हणून पुण्याच्या भाड्याच्या कार्यालयाला, वार्षिक परिषदेला आणि इंग्रजी अहवाल लिहून देणाऱ्या सल्लागारांना मसुद्यात आधी कात्री लावली आहे. शिल्लक राहील त्यातून या बारा जणांना निदान वर्षभर अर्धं मानधन मिळावं आणि ज्यांना जमेल त्यांनी त्याच काळात आपल्या तालुक्याची वर्गणी उभी करावी, असं सुचवलं आहे. सगळ्यांना जमणार नाही. काही जण सोडून जातील, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या परतायच्या आत हा मसुदा मंजूर करायचा नाही, असं मी कळवलं आहे. ज्यांच्यासाठी तो आहे त्या बायका फडावर आहेत. अक्षय तृतीयेनंतर टोळ्या परत येतात आणि पोळ्याच्या आसपास पुढच्या हंगामाची उचल घ्यायची बोलणी सुरू होतात. मधल्या त्या दिवसांत, लग्नसराई सांभाळून, गेवराईला बैठक ठेवू. खर्चाच्या पहिल्या ओळीत मी ३०० वह्या लिहिल्या आहेत, दोनशे पानी. काकूंची तिसरी वही भरत आली आहे, चौथी त्यांना आत्ताच पाठवून दिली.